बोलणारे : चार

२४ फेब्रुवारी

आले एकदाची धर्मापुरीत, आणि पहिल्याच दिवशी नवी वही उघडून बसले आहे. घर झकास आहे. दोन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण, अंगणात कडुनिंब. घरमालक सोमेश्वर बायको-पोरांसकट ऊसतोडीला गेलेत, ते थेट एप्रिलच्या मध्यावर येणार. निम्मं गाव असंच कुलपात आहे. दुपारी कावळा उडाला तरी त्याचे पंख ऐकू येतात. मला नेमकं हेच हवं होतं. परळीत मामांकडे राहिले असते तर एकीकडून रेल्वे, दुसरीकडून थर्मल वीजकेंद्र आणि तिसरीकडून मामी. ध्वनिमुद्रण कसलं करता!

घर मामांनीच शोधलं. जालिंदर मामा, माझ्या आईचे एकुलते एक भाऊ. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून बारावीपर्यंत मामा आणि भिमाबाई मामींनीच मला वाढवलं, मग पुण्याला शिकायला धाडलं. एकतीस वर्षं परळी डेपोत एसटी चालवून मामा दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. आज स्कूटरवर माझी गादी बांधून आणली, दाराला बाहेरून मोठं निळं 'जयभीम'चं स्टिकर लावलं. येणाऱ्याला घर कुणाचं ते बाहेरनंच कळाय पाहिजे म्हणाले. "लई लांब न्हाई, पाऊण तासात येतो, कवाबी बोलव" असं बजावून गेले. अंगावर नेहमीप्रमाणे थर्मलच्या राखेचा पातळ थर होता. परळीत बारमाही बर्फ पडतंय, काश्मीरला कावून जायचं, हा त्यांचा जुना विनोद. मी दरवेळी हसते.

काम मात्र खरोखर बर्फाच्या मुलखातलं आहे. अलास्कात एका नदीकाठी अथाबास्कन कुळातली एक भाषा बोलली जायची. तिचं नाव कुठेही लिहायचं नाही असं करारात आहे, म्हणून इथेही नाही. ती बोलणारी शेवटची म्हातारी पस्तीस वर्षांपूर्वी वारली. तिने सांगितलेल्या एकवीस गोष्टी टेपवर आहेत. त्या ऐकून एकेक ध्वनी ओळखायचा आणि लिहायचा, एवढंच माझं काम. अर्थ कळायची गरज नाही. मी ध्वनींची माणूस आहे, गोष्टींची नाही.

काम देणारे अमरसिंह सर पुण्यात एक छोटी खाजगी संस्था चालवतात. बोलायला गोड माणूस. मुलाखतीत व्यंजनांबद्दल दोन प्रश्न आणि घरच्यांबद्दल वीस. आई नाही म्हटल्यावर त्यांचे डोळे भरून आले. मामा किती, सख्खे ना, धडधाकट आहेत ना, तेही विचारलं. आजकाल इतकं कोण विचारतं?

एक चूक सापडली. कामाच्या ऑनलाइन तक्त्यात वरच्या ओळीत लिहिलंय, 'हयात बोलणारे : ४'. सरांना फोन करून सांगितलं. ते हसले, म्हणाले, जुनी नोंद राहिली असेल, बघतो.

२७ फेब्रुवारी

तीन दिवसांत म्हातारीच्या प्रेमात पडले आहे. काय तो घसा! आपल्याकडे 'त' आहे आणि 'थ' आहे. तिच्याकडे तिसराही आहे. घशाचं दार गच्च लावून घ्यायचं, श्वास आत कोंडायचा आणि 'त' तोंडातच फोडायचा. मी त्याला 'गच्च त' म्हणते आणि लिहिताना वर एक टिंब देते. तसाच गच्च 'क', गच्च 'च'. दुसरा एक आवाज म्हणजे जीभ 'ल'च्या जागी टेकवायची आणि कंठ गप्प ठेवून दोन्ही कडांनी नुसती हवा सोडायची. पुण्यात असताना हे सगळं पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलं होतं. माणसाच्या तोंडून ऐकणं वेगळं.

सरांचा नियम एकच, काम दहा ते पाच या वेळातच करायचं. दिवे लागले की यंत्र बंद. एकट्या मुलीनं रात्री जागू नये म्हणाले. बरं वाटलं. फायली पण किती नेटक्या! प्रत्येक गोष्टीचं डोकं-शेपूट आधीच कापून पाठवलेलं, थेट गोष्टच सुरू होते.

समोरच्या घरात विमलबाई राहतात. सत्तरीच्या, मुलगा-सून ऊसतोडीला, शेळ्या सांभाळायला ह्या मागे. आज कानावर हेडफोन पाहून काय ऐकता म्हणून विचारलं. मी म्हटलं, एका म्हातारीच्या गोष्टी. त्यांनी कपाळाला हात लावला. "दिसाढवळ्या गोष्ट ऐकू न्हाई बाई, मामा वाट चुकतो." लहानपणी हे मीही ऐकलंय. पोरांनी दिवसा कामं सोडून गोष्टींसाठी भुणभुण करू नये म्हणून कुण्या हुशार आईनं काढलेली युक्ती. आमच्या आजोबांनी छप्पन साली देव आणि भुतं दोन्ही एकाच दिवशी घराबाहेर काढली, हे विमलबाईंना सांगितलं नाही. चहा चांगला केला होता त्यांनी.

३ मार्च

मामा आले होते. मामींनी धपाटे दिले होते, ठेचा दिला होता. विमलबाईंचं म्हणणं सांगितलं तर मामा पोट धरून हसले. "एकतीस वर्सं येष्टी चालवली. वाट मला चुकंल एखादबारी, मी वाटंला न्हाई!"

सरांनी एक जादा काम दिलं आहे. हे ध्वनी कधीच न शिकलेल्या माणसाला ते जमतात का ते पाहायचं, त्याचा आवाज मुद्रित करायचा. वयस्क पुरुष हवा, शक्यतो घरचाच, म्हणजे लाजणार नाही. मामांना माईकपुढे बसवलं. 'आम्ही'चा 'आमी' करणारा माणूस, मला वाटलं एक तास जाईल. कडेनं हवा सोडायचा आवाज ऐकवला तर मामा म्हणाले, हे तर एअरब्रेक हाय की! आणि हुबेहूब काढला. परळी डेपोत गाडी लागल्यावर सुटतो तो सुस्कारा. गच्च 'त' तिसऱ्या खेपेला जमला. मला दोन वर्षं लागली होती. इतका अभिमान वाटला की फाईल तेव्हाच सरांना पाठवली. पाच मिनिटांत उत्तर आलं, अप्रतिम, यांना रोज सराव द्या.

१४ एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत ट्रक मामाच चालवतात, बावीस वर्षांचा मान आहे. तिथं माईकवर हे म्हणून दाखवतो म्हणतात. मामी मारतील.

९ मार्च

नववी गोष्ट सुरू. इथून पुढच्या फायली सबंध आल्या आहेत, कापाकापी मीच करायची. सर म्हणाले, प्रत्येक गोष्टीच्या आधी एक वाक्य आणि शेवटी एक वाक्य, सगळीकडे तेच ते. नवा ध्वनी एकही नाही. कापा आणि पुसून टाका. ऐकलं तर खरंच तेच ते आहे. तरी सवयीप्रमाणे पहिल्यांदा दोन्ही वाक्यं वहीच्या मागच्या पानावर उतरवली, मग कापली. काम सोपं आहे. माऊस धरायचा, रंगवायचं, पुसायचं. ऐकण्याआधीच सगळ्या कापून ठेवायच्या, आतापर्यंत चार गोष्टींची डोकी-शेपटं उडवली.

मामांचा फोनवरून रोज सराव चालू आहे. मामी वैतागल्या आहेत. जेवताना पण म्हणे घशातून टकटक.

१२ मार्च

मामींचा फोन. काल दुपारी मामा दूध आणायला गेले आणि आपल्याच गल्लीत तीन फेऱ्या मारून परत आले. घर सापडत नव्हतं. स्वतःच हसत होते म्हणे. मामी म्हणाल्या, वय झालं. साठ हे काय वय आहे? डॉक्टरकडे न्या म्हटलं.

१९ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

मामा सकाळी नऊला परळीहून माझ्याकडे निघाले. मी दहाला चौदावी गोष्ट लावली. एक वाजता फोन आला. मामा नेकनूरच्या स्टँडवर होते. नेकनूर! ते बीडच्या अंगाला, आणि इथला रस्ता अगदी उलट्या दिशेला. "कावून आलो म्हणून इचारू नकू माय, मलाबी ठावं न्हाई. वळण माज्या बाजूनं गेलं, मी पाहिलं बी, पण हात वळंना." तिथल्या एका ओळखीच्या कंडक्टरनं त्यांना गाडीत बसवून परत पाठवलं. स्कूटर तिथेच.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. काही नाही. साखर नाही, बीपी नाही. घोड्यासारखी तब्येत आहे म्हणाले.

संध्याकाळी विमलबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, मीच सांगून बसले. त्या ऐकून उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. राग आला मला. कुणाचा ते कळलं नाही.

२१ मार्च

काम थांबवावं असं वाटतंय, असं सरांना लिहिलं. कारण दिलं नाही. काय देणार? मामा वाट चुकतात म्हणून? माझं सगळं शिक्षण मलाच हसलं असतं. सरांचा फोन आला. खूप वेळ बोलले. ही भाषा पृथ्वीवरून जाते आहे, यशोधरा, तुझ्या हातातून जाऊ देऊ नकोस म्हणाले. शेवटी मामांची तब्येत विचारली. तब्येतीबद्दल मी काही सांगितलं नव्हतं.

सात गोष्टी राहिल्या आहेत. संपवून टाकते आणि परळीला जाते.

२६ मार्च

मामांना यायला मना केलं होतं. मामींनीही केलं होतं. पण नेकनूरहून स्कूटर दुसऱ्या कुणाकडून आणवावी लागली आणि त्यांचा अभिमान दुखावला होता. सकाळी मामींना न सांगताच निघाले. एकतीस वर्षांचा डायवर, भाचीच्या घरी जाऊ शकत नाही म्हणजे काय!

मला माहीत नव्हतं. मी सतरावी गोष्ट लावून बसले होते. बरोबर बारा वाजता फोन आला. गोष्ट चालूच ठेवून मी फोन घेतला. थांबवली नाही. एक बटण दाबायचं होतं.

मामा म्हणाले, रस्ता पांढरा झालाय. मला वाटलं, राखेचे ट्रक गेले असतील. "राख न्हाई माय ही. पायाला गार लागायलंय." मग वारा ऐकू आला. बाहेर ऊन एवढं की कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. मामा म्हणाले, इथं कुणीतरी बाई बोलाय लागलीय, तिला इचारतो. मग फोन बंद झाला.

अजून बंद आहे.

२७ मार्च

स्कूटर सापडली. धर्मापुरीच्या फाट्यावर, स्टँडवर नीट लावलेली, किल्ली तशीच. डिकीत मामींचे धपाटे फडक्यात बांधलेले. म्हणजे मामींना न सांगता निघताना डब्यातनं काढून घेतले होते, माझ्यासाठी.

पोलिसांत तक्रार दिली. विहिरी पाहिल्या, तळं पाहिलं. परळी डेपोतले चाळीस जण आले होते. मामी दारातच बसून आहेत.

३० मार्च

परळीला होते. मामी माझ्याकडे बघत नाहीत, मामांच्या चपलांकडे बघतात. आज सामान न्यायला इथे आले. लॅपटॉप उघडला, सरांना काम सोडल्याचं लिहायला. तक्ता समोर आला.

हयात बोलणारे : ५.

१ एप्रिल

मी वेडी नाही. लिहून ठेवते म्हणजे नंतर पाहता येईल.

अठरावी गोष्ट लावली. का लावली माहीत नाही. चौथ्या मिनिटाला म्हातारीच्या आवाजामागे पावलं आहेत. बर्फावर पडतात तशी, करकर. मग कुणीतरी खाकरलं. मग—

"ओ बाई, धर्मापुरीची गाडी इथं थांबती का?"

मामा. मामांचा आवाज. पस्तीस वर्षांपूर्वी वारलेल्या बाईच्या टेपवर.

माझंच मुद्रण मिसळलं असेल म्हणून सगळं तपासलं. नाही मिसळलं. मूळ फाईल, जुनी तारीख. पुन्हा लावली. दुसऱ्या वेळी मामा तेच बोलले नाहीत. म्हणाले, किती वेळ झाला, कुणी सांगंना. तिसऱ्या वेळी आवाज आणखी लांब गेला होता.

दिवे लागल्यावर लावून पाहिली. नुसती म्हातारी. मामा दिवसाच असतात. दिवसाच वाट उघडी असते.

४ एप्रिल

जुन्या फायलींत माझ्याआधी कुणीतरी काम केल्याच्या खुणा आहेत. एका जागी बारीक अक्षरात मराठीत टीप आहे, 'शेपूट का कापायचं? सरांना विचारणे. – मोहिनी'. दोन दिवस फोन फिरवून तिला शोधलं. ती लातूरला शाळेत शिकवते आता. सरांचं नाव काढल्यावर आधी तिनं माझ्या मामांबद्दल विचारलं.

मग सांगितलं. म्हातारीच्या मुलीनं सगळ्या गोष्टींचा अर्थ लिहून ठेवला होता. ते कागद सरांकडून चुकून मोहिनीकडे गेले होते. आधीचं वाक्य असं : सूर्य बुडाला आहे, बर्फ पडलं आहे, आता ऐका, उजेडात ऐकाल तर तुमच्या आईचा भाऊ वाटेवरून उतरेल. आणि शेवटचं : गोष्ट मिटली, वाट मिटली, जो जिथे आहे तो तिथे राहो.

तिथेही मामाच. जगाच्या दुसऱ्या टोकाला, बर्फात, विमलबाईंचंच वाक्य. विमलबाईंना पण माहीत होतं. शेळ्या राखणाऱ्या बाईला माहीत होतं आणि मी मात्र ध्वनींची माणूस!

शेवटचं वाक्य म्हटलं की वाट बंद होते. म्हणून सर ते कापतात. तेरा गोष्टींची शेपटं मी माझ्या हातांनी उडवली आहेत. अर्थ न विचारता.

मोहिनीचा एक मामा होता. तिनं शेवटी ते वाक्य म्हटलं. तो आत असताना म्हटलं. तो आतच राहिला. ती म्हणाली, तूही म्हण. नाहीतर मामा संपले की वाट ऐकणाऱ्याकडे वळते.

५ एप्रिल

सरांना फोन केला. मी ओरडेन असं वाटलं होतं, पण रडतच बसले. ते शांत होते. नाकारलं नाही. एका शब्दानं नाकारलं नाही. म्हणाले, माझे तीन मामा मी आधी दिले आहेत, मी तुझ्याकडून जास्त काही मागितलं नाही. भाषा कागदावर जगत नाही, तोंडात जगते. शून्य बोलणारे होते, आज पाच आहेत. तुझ्या मामांचा गच्च 'त' सगळ्यांत चांगला आहे.

मुलाखतीत भरून आलेले ते डोळे. मामा धडधाकट आहेत ना. मी घरी येऊन मामींना सांगितलं होतं, देवमाणूस भेटला! मामींनी खीर केली होती.

आणि मामांना माईकपुढे मी बसवलं. मीच शिकवलं. ज्या माणसानं मला बोट धरून शाळेत नेलं त्याला मी—

८ एप्रिल

एकोणिसावी. मामा आहेत. जवळ आल्यासारखे वाटतात. मी आता हाक मारते. मोठ्यानं, माईकवर. मामा मागं फिरा, मामा उजवीकडं या. त्यांना ऐकू जातं. थांबतात.

आज उत्तर दिलं. अर्धं मराठीत होतं. अर्धं नव्हतं.

विमलबाई दारात भाकरी ठेवून जातात. आत येत नाहीत.

१० एप्रिल

वाक्य वहीच्या मागच्या पानावर आहे. माझ्याच हातचं. ते म्हटलं तर मी सुटते आणि मामा कायमचे तिकडे. नाही म्हटलं तर निदान हाक तरी मारता येते. मोहिनी रोज फोन करते, म्हण म्हणते. तिला काय! तिनं तर आपल्या मामाला—

नाही. तिनं काय केलं ते मला कळतंय.

मामींचा फोन. जयंतीचा ट्रक दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही असं ठरलंय. मोकळाच उभा करणार.

१२ एप्रिल

वीस. मामा पूर्ण म्हातारीच्या भाषेत बोलतात आता. इतकं स्वच्छ. एअरब्रेकचा आवाज. त्यांच्यामागे आणखी चार माणसं. पुरुष. सगळे कुणाचे ना कुणाचे—

न्हाणीकडे गेले. न्हाणी मागे आहे. होती. तीन वेळा अंगणातच आले.

१३ एप्रिल

शेवटची गोष्ट. एकवीस.

काल लिहिलेलं वाचलं. मध्ये दोन ओळी आहेत. टिंबं दिलेल्या. गच्च त, गच्च क. मी लिहिलेल्या नाहीत. अक्षर माझं आहे. पान फाडलं.

अंगण पांढरं दिसतंय. ऊन फार आहे. ऊनच असेल.

१४ एप्रिल

सकाळीच तक्ता पाहिला. हयात बोलणारे : ६. खाली सरांची ओळ, अभिनंदन यशोधरा.

सहावी कोण? मी इथे आहे. मी मराठीत लिहिते आहे. घाई केलीत सर. मी अजून तुमची झाले नाही.

गावात डफ वाजतोय. निळे झेंडे असतील. परळीत तो ट्रक मोकळा—

बारा वाजले. एकविसावी लावली. मामा अगदी जवळ. श्वास ऐकू येतो. किती तरी दिवसांनी मराठी. अडखळत. एकेक शब्द शोधून.

"हाक मारू नकू माय. तू हाक मारती तशी मी न्हाई येत. तूच यायलीस. वाक्य म्हण."

मामा, तुम्ही?

"मी हाय तितं बरा हाय. म्हण. आत्ता म्हण."

म्हणते. मामांनी सांगितलंय म्हणून म्हणते. सरांना सहावी मिळणार नाही. मामी, मला माफ करा. मागचं पान उघडलं. घशाचं दार लावलं. श्वास कोंडला.

म्हटलं.

सगळं. एकही ध्वनी चुकला नाही. गोष्ट मिटली. वाट मिटली. जो जिथे आहे तो तिथे राहो.

टेप थांबली. मामा गेले. डफ पण थांबला. किती शांत झालं. मी खाटेवर बसले आहे, घरात, आतल्या—

पाय गार का पडलेत

दार लावलेलं आहे. समोरच आहे. निळं स्टिकर दिसतंय. जयभीम. स्वच्छ वाचता येतंय. पण ते तर मामांनी बाहेरून ला—